एकाच वर्गातले मामा-भाचे

पहिल्याच दिवशी घोळ झाला. हजेरी संपली, तसा मागच्या बाकावरून एक सहा फुटी पोरगा उठला आणि पुढच्या बाकावर बसलेल्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाला म्हणाला, "मामा, जास्तीचं पेन आहे का रे?"

त्या माणसानं मागे वळूनही न बघता सवयीनं उत्तर दिलं, "घरून निघताना डोळे मिटले होते का तुझे, ठेंगू?"

चाळीस पोरं खदाखदा हसली. मरीन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या त्या वर्गात, त्या सकाळपासून, सदतीस वर्षांचा तो माणूस सगळ्यांचा मामा झाला. आणि दारातून मान वाकवून आत येणारा त्याचा सख्खा भाचा सगळ्यांचा ठेंगू झाला. घरी हे नाव जन्मापासूनच होतं. जन्मला तेव्हा तो इतका लहान होता की मामानं त्याला एका तळहातावर तोलून धरलं होतं आणि ताई किंचाळली होती, "अरे, नटबोल्ट आहे का तो?"

ताई म्हणजे मामाची थोरली बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. ती बंदराजवळच्या एका कारखान्यात मालावर टाकायच्या ताडपत्र्या शिवायची. भाऊजी धक्क्यावर क्रेन चालवायचे. ठेंगू जन्मला त्याच वर्षी मामा पहिल्यांदा जहाजावर चढला, इंजिन-रूममधला सफाईवाला म्हणून. पुढे तो यंत्रांना तेल देणारा ऑइलर झाला, मग फिटर. अठरा वर्षं त्यानं इंजिनांच्या पोटात काढली. सुटीवर आला की ताईकडेच राहायचा. घर दोन खोल्यांचं, जिन्याखाली एक कपाट, त्यात त्याची पेटी. ठेंगू त्याच्या मांडीवर बसून विचारायचा, "मामा, इंजिन केवढं असतं?" मामा सांगायचा, "आपली ही बिल्डिंग आहे ना, तेवढं. आणि मी तिच्या आत शिडी लावून चढतो." पोरगा तोंडाचा आ करून ऐकायचा. त्याला इंजिनिअर व्हायचं वेड लागलं ते असं. हे मामा स्वतःच सगळ्यांना अभिमानानं सांगत असे. निदान तेव्हा तरी सांगत असे.

मग चाळिशीच्या तोंडावर हा माणूस शिकायला का बसला? त्याला कारण एक पंप. त्याच्या शेवटच्या जहाजावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग कुरकुरत होतं. मामानं तिथल्या 'चौथा इंजिनिअर' या हुद्द्यावरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला तीन वेळा सांगितलं. पोरगा म्हणाला, "आकडे नॉर्मल आहेत." चौथ्या दिवशी मामानं परत सांगितलं, तेव्हा पोरानं वैतागून पंप उघडला आणि बेअरिंग हातातच सुटं झालं. कंपनीकडे रिपोर्ट गेला, त्यात लिहिलं होतं की चौथ्या इंजिनिअरच्या सतर्कतेमुळे बिघाड वेळीच लक्षात आला. मामानं तो कागद इंजिन-रूमच्या फळ्यावर लावलेला वाचला. हातातला बोळा तिथेच टाकला. म्हणाला, बस्स झालं.

विद्यापीठात जहाजावर काम केलेल्यांसाठी थोड्या जागा राखीव असत. पहिल्या वर्षी प्रवेशपरीक्षेत तो गणितात आपटला. दुसऱ्या वर्षी कसाबसा निघाला. नेमकं त्याच वर्षी ठेंगूनंही परीक्षा दिली. यादी लागली, तिच्यात ठेंगूचं नाव सातवं होतं. मामाचं नाव शेवटच्या पानावर, खालून दुसरं. भाऊजी मोठ्यांदा हसले, "चला, आता डबे दोन आणि फी दोन!" ताईनं एकाच ताग्यातून दोघांना सारखे शर्ट शिवले. मामानं तो घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "बँडवाले दिसतो आम्ही." पण मनातून तो खूश होता.

पहिलं सत्र मामाचं होतं. सकाळी आठला वर्कशॉप उघडायचं. लांबलचक शेड, छताला पिवळट पत्रे, लोखंड घट्ट धरणाऱ्या व्हाइसचे ओळीनं मांडलेले बाक. पोरांच्या हातात कानस धरवत नव्हती. मामा एकदा हात फिरवायचा आणि लोखंडाचा तुकडा आरशासारखा सपाट व्हायचा. पोरं भोवती गोळा व्हायची. "मामा, हे बघा ना." "मामा, माझा ड्रिल का मोडतो?" वर्कशॉपचे प्रमुख म्हणजे चीफसर. आयुष्यभर समुद्रावर चीफ इंजिनिअर होते, डाव्या हाताचं एक बोट कमी. ते कुणाची स्तुती करत नसत. पण मामाच्या बाकापाशी ते थांबत, तुकडा उचलत, उजेडात धरत, आणि काही न बोलता पुढे जात. तेवढ्यानं मामाला पुढचा आठवडा पुरायचा.

दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स आलं, आणि सगळं उलटं झालं.

वाफ म्हणजे काय हे मामाला माहीत होतं. त्याच्या उजव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा वळ होता. पण फळ्यावर तिची आकडेमोड सुरू झाली की त्याला एक अक्षर लागत नसे. ठेंगू मात्र सर बोलायच्या आधीच उत्तर सांगायचा. फुशारकी नव्हती त्यात; त्याला ते दिसतच होतं, जसं एखाद्याला रंग दिसतात. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सकाळी, ताई कामावर जायच्या आधी, दोघं अभ्यासाला बसत. मामा एका गणितावर अर्धा तास डोकं खाजवायचा, तेव्हा ताई गॅसपाशी उभी राहून सहज म्हणायची, "अरे, ठेंगूला विचार ना. त्याला येतं."

"मला माहीत आहे त्याला येतं ते."

"मग विचार की."

ठेंगू खुर्ची सरकवून जवळ यायचा. हळू, समजावून सांगायचा, अगदी धीरानं. तोच धीर मामाला बोचायचा. पोरगा चिडला असता, 'मामा, डोकं आहे का रे तुला' म्हणाला असता, तर बरं वाटलं असतं. पण तो म्हणायचा, "हरकत नाही, मामा, पुन्हा बघू." जणू मामा पहिलीतला पोरगा आणि तो मास्तर.

हळूहळू मामाच्या नजरेला वाईट खोड लागली. ताई आधी कुणाच्या ताटात वाढते, ते तो बघू लागला. भाऊजी कामावरून आल्यावर "काय रे, कसं चाललंय?" असं विचारत, तर ते तोंड कुणाकडे करून विचारतात, ते बघू लागला. पेपर परत मिळाले की स्वतःचे मार्क बघायच्या आधी ठेंगूच्या कागदाकडे मान वळायची. ठेंगूला ताप आला आणि त्याची एक चाचणी बुडाली, तेव्हा मामा औषध आणायला पळाला खरा. पण दुकानाच्या पायरीवर उभं असताना त्याच्या छातीत काहीतरी हलकं झालं. ते त्याला स्वतःलाच कळलं आणि शरमेनं कान तापले.

तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षा होती. आदल्या आठवड्यात चहा पिताना मामानं ठेंगूला एक गंमत सांगितली होती. बेअरिंगचा आवाज ऐकायचा तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, खराब बेअरिंग दात खातं. "आम्ही असंच ओळखायचो," मामा म्हणाला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी मामाला बोलावलं. विचारलं, "बेअरिंग खराब होतंय हे कसं ओळखाल?" मामा म्हणाला, "ऐकून." "म्हणजे?" "म्हणजे सर, आवाज येतो. कळतं." "कसला आवाज? कारण काय त्याचं?" मामाच्या जिभेवर अठरा वर्षं होती आणि त्यांतलं एकही वाक्य बाहेर पडेना. तो म्हणाला, "दात खाल्ल्यासारखा." परीक्षक हसले. पंचवीसपैकी अकरा.

मग ठेंगू आत गेला. दार उघडंच होतं. मामाला बाकावरून सगळं ऐकू येत होतं. त्यालाही तोच प्रश्न आला. ठेंगूनं कंपनांची वारंवारिता सांगितली, बेअरिंगमधल्या गोळ्यांची संख्या आणि फेरे यांचा संबंध सांगितला, फळ्यावर आकृती काढली. आणि शेवटी म्हणाला, "उपकरण नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर कानामागच्या हाडाला लावूनही ऐकता येतं, सर." परीक्षक पुढे सरकून म्हणाले, "वा! हे पुस्तकात नाही. कुठे शिकलात?"

ठेंगू म्हणाला, "घरी."

घरी! 'मामाकडून' म्हणायला त्याच्या जिभेला काय झालं होतं? पंचवीसपैकी चोवीस. बाहेर आल्यावर ठेंगूनं आनंदानं मामाच्या गळ्यात हात टाकला. "तुझा स्क्रूड्रायव्हर कामाला आला, मामा!" मामा म्हणाला, "हो का." आणि बसमध्ये तो दोन सीट मागे जाऊन बसला.

सेपरेटरचं प्रात्यक्षिक या गोष्टीनंतर पंधराएक दिवसांनी होतं. जहाजाच्या इंधनातलं पाणी आणि गाळ वेगळा काढणारं हे यंत्र. आत स्टीलचं जाडजूड भांडं असतं आणि ते मिनिटाला सात हजार फेरे घेतं. त्यामुळे त्याचा एकेक भाग एकमेकांशी तोलून बनवलेला असतो. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येक भागावर नंबर ठोकलेला असतो. वर्कशॉपमध्ये असे दोन सेपरेटर शेजारी शेजारी होते, दोन्ही साफसफाईसाठी उघडलेले, भाग दोन वेगवेगळ्या ट्रेमध्ये मांडलेले. एकाचा नंबर तीनने संपत होता, दुसऱ्याचा आठने.

ठेंगूच्या गटाला जोडणी करायची होती. मामाचा गट नंतर होता, म्हणून तो शेजारी उभा राहून बघत होता. ठेंगू झपाझप काम करत होता. चकत्या बसवल्या, झाकण बसवलं, आणि झाकण घट्ट धरून ठेवणारं मोठं कडं उचलायला वळला. दोन्ही ट्रे हाताशी होते. बोलता बोलता त्यानं कडं उचललं ते दुसऱ्या ट्रेमधलं. फडक्यानं पुसलं, नंबरावर एक नजर टाकली. ग्रीसनं भरलेल्या इंग्रजी आठाचा तीन दिसायला कितीसा वेळ लागतो?

मामानं पाहिलं. त्याला नंबर वाचायचीही गरज नव्हती. हात कुठल्या ट्रेकडे गेला, ते त्यानं पाहिलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. आणि मिटलं.

'चीफसर तपासतील,' तो स्वतःला म्हणाला. 'नंबर बघतील, चूक पकडतील, चार लोकांत बोलतील. मार्क जातील. तेवढंच. एकदा कळू दे त्यालाही.' आणि ते कडं आट्यांवर बसून, हातोड्याच्या ठोक्यांनी आवळलं जाईपर्यंत, म्हणजे चांगली वीस मिनिटं, हा माणूस छातीवर हाताची घडी घालून वाट बघत उभा राहिला. वाट बघण्यात गोडवा होता, हे त्यानं पुढे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

पण चीफसरांना ऑफिसातून बोलावणं आलं. जाता जाता ते फोरमनला म्हणाले, "तुम्ही नजर टाका आणि चालू करू द्या." फोरमननं कडं हलवून पाहिलं, घट्ट होतं. "करा चालू," तो म्हणाला.

आता नंबर तपासणारं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं: थांब, कडं दुसऱ्याचं आहे. पण मग सगळे विचारणार, इतका वेळ का नाही बोललास? पाच-सहा पावलांवर खांबाला लाल बटण होतं, यंत्र तातडीनं बंद करायचं. मामा सरकत सरकत त्या खांबापाशी गेला आणि त्यानं बटणावर हात ठेवला. बोलणं जमलं नाही, म्हणून.

मोटर सुरू झाली. आधी नेहमीसारखा चढता आवाज. मग त्या आवाजात एक घरघर मिसळली. बाकावरचे पाने थरथरत सरकू लागले, एक पाना खाली पडला. पायांखालची जाळी वाजायला लागली. चष्मेवाला एक पोरगा यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. त्याचा हात उडवल्यासारखा बाजूला झाला.

मामानं बटण दाबलं. "मागे व्हा! सगळे भिंतीला! ठेंगू, सोड ते, मागे हो!" असं ओरडत तो धावला, ठेंगूला कॉलरला धरून मागे ओढलं आणि यंत्राचा ब्रेक लावला. भांडं थांबायला आठ मिनिटं लागली. आतला दांडा वाकला होता, बेअरिंगचा चुरा झाला होता. माणसाला मात्र ओरखडाही आला नव्हता.

चीफसर धावत आले. कडं काढलं, नंबर पुसला, चूक कळली. ठेंगूचा चेहरा खडूसारखा झाला होता. त्या प्रात्यक्षिकात त्याला शून्य मिळालं आणि दोन आठवडे वर्कशॉपबंदी. मग चीफसर मामाकडे वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांसमोर कुणाची स्तुती केली. "नुसत्या आवाजावरून ओळखलंत ना? पोरांनो, कान असावेत तर असे." त्यांनी मामाचा हात हातात घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला पोरगा तर रडतच मामाला बिलगला.

आणि मामाला बरं वाटलं. हेच सगळ्यात वाईट होतं. दुपारभर त्याला बरं वाटलं. कँटीनमध्ये त्याला चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. प्रत्येकानं नव्यानं विचारलं आणि त्यानंही प्रत्येकाला नव्यानं सांगितलं, आवाज कसा बदलला, कान कसे टवकारले. चौथ्यांदा सांगताना ते त्याला स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं. घरी ताईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू होतास म्हणून रे," म्हणाली. ठेंगू जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसस्टॉपकडे निघाले. वाटेत गोदामांची लांब भिंत लागते. तिथे ठेंगू थांबला.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"सगळे म्हणतात, तू आवाजावरून ओळखलंस."

"हं."

"मी मोटर चालू करायच्या आधी मागे बघितलं होतं. तुझा हात तेव्हाच बटणावर होता."

मामानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ठेंगू त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"तू उचललंस तेव्हा," मामा म्हणाला.

ठेंगूला वाटलं असावं की तो नाही म्हणेल. त्यानं दोनदा मान हलवली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बसस्टॉप सोडून पायीच निघून गेला.

तीन दिवस मामानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. ठेंगूनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो सांगणारही नव्हता, हे मामाला कळत होतं. म्हणजे मामा गप्प राहिला असता तर कायमचा शूरवीर ठरला असता. चौथ्या दिवशी तो चीफसरांच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"सर, मला आवाजावरून नाही कळलं. मी त्याला चुकीचं कडं उचलताना पाहिलं होतं."

चीफसरांनी पेन खाली ठेवलं. "आणि बोलला नाहीत?"

"नाही."

"का?"

मामानं आधी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. "तो पुढे जातोय ते बघवत नव्हतं, सर. माझाच भाचा आहे. मीच त्याला हे वेड लावलं."

चीफसर उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "कालपर्यंत मला तुमच्या कानांचं कौतुक होतं. इंजिन-रूममध्ये कान असलेले पुष्कळ मिळतात. दिसलं ते तिथल्या तिथे बोलणारं तोंड लागतं. झाकणावर हात ठेवलेल्या त्या पोराचा हात गेला असता, तर?" बोलता बोलता ते आपल्या डाव्या हाताच्या तुटक्या बोटावर अंगठा फिरवत होते. "तुमचं हे वर्ष जाईल. पुन्हा तिसऱ्या वर्षात बसा."

"त्याचं शून्य काढाल, सर?"

"ते का काढू? नंबर त्यानं वाचला नाही. ती चूक त्याची. तुमची तुमच्यापाशी."

घरी येऊन त्यानं ताईला सांगितलं. ती मशीनवर घरचे पडदे शिवत होती. तिनं शिवण थांबवली नाही. सगळं सांगून झाल्यावर मशीन थांबलं.

"त्याला काही झालं असतं, तर मी तुला या घरात पाऊल टाकू दिलं नसतं," ती म्हणाली. "तू माझा भाऊ आहेस तरी. हे नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"हेवा वाटत होता तर मला सांगायचंस. मी तुला ओरडले असते, तू रुसला असतास, संपलं असतं. लहानपणी काय होत होतं दुसरं?" आणि मग मशीन पुन्हा सुरू करत, त्याच्याकडे न बघता, "भात झाकून ठेवलाय. खाऊन घे."

मामानं त्या महिन्यात बंदराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. कुणी जा म्हणालं नव्हतं. पण एकाच टेबलाशी समोरासमोर बसणं दोघांनाही जड जात होतं. ठेंगू चार महिने त्याच्याशी बोलला नाही, आणि नंतरही कामापुरतंच. वर्गात पोरांना सगळं कळलं होतं. कुणी टोमणा मारला नाही, पण 'मामा' हाक मारणं हळूहळू बंद झालं. नवीन तिसऱ्या वर्षातली पोरं त्याला 'काका' म्हणू लागली. मामानं ते नाव निमूटपणे घेतलं.

शून्यामुळे ठेंगूचा पहिला नंबर गेला, चौथा आला. शेवटच्या वर्षानंतर त्याला जहाज मिळालं, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून. निघायच्या आठ दिवस आधी तो मामाच्या खोलीवर आला. दारात मान वाकवून उभा राहिला. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला, "मोजे किती जोडी न्यायचे?"

"काय?"

"मोजे. जहाजावर. आई म्हणते सहा. यादीत चार लिहिलेत."

"बारा ने," मामा म्हणाला. "तेलानं खराब होतात, धुऊन निघत नाहीत. आणि लोकरीची एक जोडी वेगळी ठेव, झोपताना घालायला. ए.सी. अंगावर येतो. बस ना."

ठेंगू बसला. मामानं कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. बूट कुठल्या बाजूनं फाटतात, पहिल्या आठवड्यात कुणाशी वाद घालायचा नाही, स्वयंपाक्याशी ओळख का ठेवायची, शिडी उतरताना तोंड कुठल्या बाजूला करायचं. दोन तास सांगत होता. सांगताना मध्येच त्याला दिसलं की हा पोरगा पहिल्याच फेरीत खिडकी असलेल्या केबिनमध्ये झोपणार आहे. आपण अठरा वर्षं पाण्याच्या पातळीखाली झोपलो. ते आत टोचलं, अगदी पूर्वीसारखंच. त्यानं पाणी पिऊन घेतलं आणि पुढचं सांगितलं. ठेंगू उठला, तेव्हा मामानं त्याला थांबवलं आणि यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, काही राहिलं तर नाही ना म्हणून. एक राहिलं होतं. ते लिहिलं आणि मग कागद दिला.

"त्या परीक्षेत," ठेंगू दारातून म्हणाला, "मी 'घरी' म्हणालो. तुझं नाव घ्यायला हवं होतं."

"हो, घ्यायला हवं होतं," मामा म्हणाला.

मामा पुढच्या वर्षी पास झाला, एकूण अडतीस जणांत एकतिसावा. थर्मोडायनॅमिक्स दोनदा राहिलं, तिसऱ्या खेपेला सुटलं. बेचाळिसाव्या वर्षी त्याला चौथ्या इंजिनिअरच्या पहिल्या परीक्षेला बसायचं होतं, तेव्हा एका दुपारी ठेंगूचा जहाजावरून फोन आला. त्याला बढती मिळाली होती. आवाजात उसना शांतपणा होता. आत उकळी फुटत होती, ते मामाला ऐकू आलं.

"शाब्बास," मामा म्हणाला. फोन त्यानं दुसऱ्या कानाला लावला.

"मामा? ऐकू येतंय ना?"

"येतंय. जळतोय जरा. थांब."

पलीकडून ठेंगू इतक्या जोरात हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला. हसणं ओसरल्यावर मामा म्हणाला, "बरं, माझ्या पेपरात जहाजाच्या तोलाचं एक गणित आहे. टाकी अर्धी भरली तर जहाज जास्त का डुलतं, ते मला कळतं, पण आकड्यांत बसत नाही. वेळ आहे का तुला?"

"पंधरा मिनिटं आहेत. कागद घे."

मामानं टेबलावरची कपबशी बाजूला सारली आणि कागद ओढला.